‘मुट्टु’ म्हणजे काय गे आई? मुलीला पाळी समजावून सांगताना

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात धाकटीनं शाळेतून एक कागद आणला. कन्नडमधला. मला कन्नड बोलता येतं बाजारापुरतं, वाचताना मात्र अडखळते. माझं सगळं शिक्षण मराठीत, चंदगड तालुक्यात झालं आणि लग्न होऊन मी बेळगावच्या बाजूला, खानापूर रस्त्यावरच्या गावात आले. धाकटी शाळेत कन्नड शिकते, त्यामुळं घरातलं वीजबिल, रेशनचा मेसेज, शाळेची नोटीस वाचायचं काम तिचंच. मी शिलाई मशीनवर बसले होते, ती खाली चटईवर. वाचता वाचता थांबली. ‘मुट्टिन नैर्मल्य’ असं काहीतरी होतं. म्हणाली, ‘मुट्टु म्हणजे शिवणं की. पण शिवण्याचं नैर्मल्य म्हणजे काय गे आई? टेलर लोकांसाठी हाय काय हे?’

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मला हसूही आलं नाही आणि पटकन उत्तरही सुचलं नाही. कारण पोर बरोबर बोलत होती. कन्नडमध्ये ‘मुट्टु’ म्हणजे स्पर्श करणं, आणि पाळीलाही तोच शब्द. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? ‘कावळा शिवला’ म्हणतोच की आपण. शेजारची कन्नड बाई ‘होरगे’ म्हणते, म्हणजे बाहेर. आम्ही ‘बाहेर बसलीय’ म्हणतो. भाषेवरून आमच्या भागात इतकी वर्षं भांडणं चालली आहेत, पण ह्या एका बाबतीत दोन्ही भाषांनी एकच केलं. शरीरात काय घडतं ते सांगणारा शब्द ठेवला नाही, त्या बाईला शिवायचं नाही एवढं सांगणारा ठेवला.

मी कपडे शिवते. ब्लाऊज, ड्रेस, जूनच्या तोंडावर शाळेचे युनिफॉर्म. मुली मोठ्या होताना सगळ्यात आधी माझ्या टेपला कळतं. चौथी-पाचवीत हात पसरून ताठ उभी राहणारी पोर सहावीत माप द्यायला आली की खांदे पुढं घेते, पाठीला पोक काढते. छातीचं माप घेताना श्वास रोखून धरते. आई शेजारी उभी असते आणि म्हणते, ‘जरा ढिलाच शिवा, दिसायला नको.’ त्या पोरीला शरीराबद्दल घरातून मिळालेला पहिला धडा हाच असतो. दिसायला नको.

म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. पण आशाताईंना, आमच्या भागातल्या नर्सबाईंना आणि एका डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून, दोन मुलींना सांगता सांगता जे नीट समजलं, ते इथं लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. पाळी आल्यावर सांगू, असं बहुतेक आया म्हणतात. माझ्या आईनंही तेच केलं आणि तिचा दोष नव्हता, तिला तर कुणी आल्यावरही सांगितलं नव्हतं. पण आल्यावर सांगणं म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकवणं. पाळी साधारण 10 ते 15 वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होऊ शकते. शाळेच्या पुस्तकात तो धडा आमच्या थोरलीला आठवीत आला. तोवर तिला पाळी येऊन वर्ष झालं होतं. म्हणजे आठव्या-नवव्या वर्षीच पहिलं बोलणं झालं पाहिजे.

शरीर अचानक बदलत नाही, आधी खुणा देतं. मेंदूच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पियुषिका. तिच्या लगेच वर असलेला मेंदूचा भाग तिला इशारा देतो, सुरुवातीला तर रात्री झोपेतच. मग ती रक्तातून निरोप धाडते तो ओटीपोटातल्या दोन अंडाशयांना. अंडाशय जागे झाले की इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार करू लागतात. संप्रेरक म्हणजे एका अवयवानं रक्तातून दुसऱ्या अवयवाला पाठवलेला निरोपच. हा निरोप पोचला की पहिल्यांदा छातीवर स्तनाग्राखाली छोटी, हात लावला तर दुखणारी गाठ येते. कधी एकाच बाजूला आधी. कितीतरी आया ह्या गाठीला घाबरून दवाखाना गाठतात. ती वाढीची खूण असते. तिथून सर्वसाधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मधल्या काळात काखेत आणि जांघेत केस येतात, घामाचा वास बदलतो, तोंडावर पुटकुळ्या येतात आणि उंची एकदम वाढते. ज्या मुलीच्या स्कर्टची दुमड मला एका वर्षात तीन इंच सोडावी लागते, तिच्या आईला मी आता बाजूला घेऊन सांगतेच, ‘वहिनी, आता बोला पोरीशी.’ पाळी यायच्या काही महिने आधी अंगावरून पांढरं जायला लागतं. वास नसेल, खाज नसेल, तर तेही ठीकच. ती जवळची खूण.

आता पाळी म्हणजे नेमकं काय. आमच्याकडं बाई म्हणजे शेत आणि पुरुषाचं बी, असं बोलायची जुनी पद्धत आहे. भाताचा मुलुख, त्यामुळं उदाहरण जिभेवर तयार. मी ते मुद्दाम देत नाही, कारण ते खोटं आहे. बी एकट्या पुरुषाचं नसतंच. अर्धं आईचं असतं, अर्धं बापाचं. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात 10 ते 20 लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि पुढं आयुष्यभरात जेमतेम चारशेच्या आसपास पिकून बाहेर पडतात. दर महिन्याला साधारण एक. आणि ओघात आलंय म्हणून सांगते, मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या पेशीवर ठरतं. लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं. मला दोन मुली आहेत, मी बरंच ऐकलंय.

तर उदाहरण मी अंगणाचं देते. गर्भाशय ही ओटीपोटातली मध्यम पेरूएवढी, जाड स्नायूंची पिशवी. सणाला पाहुणा येणार म्हणून आपण अंगण सारवतो ना, तसं दर महिन्याला ही पिशवी आतून एक नवा मऊ, रक्ताचा थर चढवते. बीज आणि पुरुषाची पेशी एक होऊन गर्भ तयार झाला, तर तो त्या थरात रुजतो. पाहुणा आलाच नाही, तर जुन्या सारवणाचे पोपडे निघतात तसा तो थर सुटतो आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येतो. मग पिशवी पुन्हा नवं सारवायला घेते. पाळी म्हणजे इतकंच. ते घाण रक्त नाही, साठलेलं विष नाही. जो थर बाळाला पोसण्यासाठी केला होता, तोच.

ह्याच्यापुढं धाकटीनं विचारलं, ‘लघवीच्या जागेतनंच येतं काय?’ हा प्रश्न कितीतरी मोठ्या बायकांनाही पडलेला असतो, फक्त विचारत नाहीत. वाटा तीन आहेत. पुढं लघवीची, मधे योनीची, मागं शौचाची. पाळी मधल्या वाटेनं येते. म्हणून धुताना पुढून मागं धुवायचं, मागची घाण पुढं येऊ द्यायची नाही. साधं पाणी पुरतं. आतून साबण लावायचा नाही.

सगळ्यात जास्त भीती रक्ताची असते. सगळं रक्त निघून गेलं तर? थोरलीनं मला हेच विचारलं होतं, रात्री, दिवा मालवल्यावर. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर एक पॅड उघडून ठेवलं. वाटीभर पाण्यात आमसुलं कुस्करून लाल पाणी केलं. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घेतलं आणि तिच्याच हातानं ओतायला लावलं. एक. दोन. तीन. चार. थांब म्हटलं. चार टोपणं, 40 मिली. सगळ्या दिवसांचं मिळून साधारण इतकंच रक्त जातं, कुणाला थोडं कमी, कुणाला थोडं जास्त. ती वाकून बघत होती. पॅडनं पाणी शोषलं, वर लाल डाग पसरला. खरंच दिसायला केवढा मोठा दिसतो! पण टोपणाकडं बघितलं की कळतं. तिनं बोटानं दाबून बघितलं. पलीकडं आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुपातला हात थांबला होता. पुढं धाकटीलाही मी हेच करून दाखवलं.

पॅड भरलं नसलं तरी चार ते सहा तासांनी बदलायचं. पॅडवरचा 12 टक्के जीएसटी जुलै 2018 मध्ये काढला, आमच्या कर्नाटकातल्या सरकारी शाळांत ‘शुचि’ योजनेतून पाकिटंही मिळतात, पण अजून खेड्यात सगळ्यांना सगळ्या महिन्यांत परवडतं असं नाही. कापड वापरलं तर त्यात कमीपणा नाही. सुती, जुनं, मऊ कापड चांगलंच. पण इथं पावसाळ्याची गोष्ट करावी लागते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तशात बायका हे कापड चुलीमागच्या दोरीवर, वर एक साडी पसरून तिच्याखाली लपवतात. ते सुकत नाही, दमट राहतं आणि तेच पुन्हा घेतलं जातं. खाज, पुरळ, जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो. दोष कापडाचा नाही, लपवण्याचा आहे. धुतलेलं कापड उन्हात, उघड्यावर वाळलं पाहिजे. ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करावं. मी माझ्याकडं उरलेल्या सुती कापडाच्या चौघड्या शिवून ठेवते आणि घरातल्या दोरीवर रुमालांच्या शेजारीच वाळत घालते. सुरुवातीला गल्लीत कुजबूज झाली. मग थांबली.

पोटात कळा का येतात, हेही पोरींना सांगावं. थर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. पेटका येतो तशीच ती कळ असते. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं की स्नायू सैल होतो. जास्त दुखलं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, रिकाम्या पोटी नको. ‘बायकांना सोसावंच लागतं’ हे वाक्य मात्र माझ्या घरात बंद केलंय. दर महिन्याला शाळा बुडावी इतकं दुखत असेल तर दाखवायलाच हवं.

आणखी कधी दाखवायचं? आठ वर्षांच्या आतच छाती वाढू लागली तर. 13 पूर्ण झाली तरी छातीची वाढच नाही, किंवा 15 पूर्ण झाली तरी पाळी नाही, तर. रक्त सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भरत असेल, तर. पहिली एक-दोन वर्षं पाळी पुढंमागं होते. 21 ते 45 दिवसांत केव्हाही आली तर काळजी नको, पण तीन महिने उलटूनही आली नाही तर जावं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत ह्या वयाच्या मुलामुलींसाठी ‘स्नेहा क्लिनिक’ असतं. पलीकडं महाराष्ट्रात त्यालाच ‘मैत्री’ म्हणतात. तिथं मुलीला एकटीलाही बोलता येतं, आणि बोलू द्यावं. आईसमोर सगळं निघत नाही, हे मला माझ्याच थोरलीनं शिकवलं.

रक्ताबद्दल अजून एक. ह्या वयात अंग वाढतं आणि पाळीतून लोहही जातं, त्यामुळं मुली फिकट पडतात, पायऱ्या चढताना दमतात. हिमोग्लोबिन 12 च्या खाली नको. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक अॅसिडची. ती बऱ्याच मुली खिशात घालून बाहेर टाकतात, कारण शौचाला काळं होतं आणि घाबरतात. काळं होणारच, त्यानं काही बिघडत नाही. गोळी जेवल्यावर घ्यावी, मागोमाग चहा मात्र नको, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू मदत करतं. हळीव, तीळ, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, ज्यांना चालतं त्यांना मटण-मासे. मुलीच्या ताटात हे आधी वाढा. घरातल्या पुरुषांचं झाल्यावर उरलेलं नको.

पाळीत हात लावला की लोणचं नासतं, पापड लाल होतात, कढीपत्ता वाळतो, असं म्हणतात. मी काय केलं, थोरलीला त्याच दिवसांत बरणीतलं लोणचं काढायला सांगितलं. कोरड्या चमच्यानं. वर्षभर टिकलं. ओला चमचा घातला तर कुणीही घातला तरी नासतं. देवघराचं विचाराल तर ज्या बाईला मनानंच त्या दिवसांत लांब राहावंसं वाटतं, तिच्याशी मी वाद घालत नाही. आराम हवा असेल तर आराम घ्यावा, त्याला आराम म्हणावं. विटाळ म्हणून पोरीला जोत्यावर बसवू नये, इतकंच माझं म्हणणं आणि त्यावर मी ठाम आहे.

आमच्याकडं अजून कित्येक घरांत पहिल्या पाळीला ओटी भरतात, नवी साडी, हळदीकुंकू, खोबरं-गूळ. गोडधोड खाऊ घालण्यात, कौतुक करण्यात मला वाईट काही दिसत नाही. पण होतं काय, गल्लीभर कळतं, पै-पाहुण्यांना कळतं, आणि मधे पाटावर बसलेल्या पोरीला विचारा काय झालंय, तर तिला सांगता येत नाही. कन्नडमध्ये म्हणतात ‘दोड्डवळादळु’, मोठी झाली. आपण म्हणतो शहाणी झाली, पदर आला. मग लगेच पुढचं वाक्य येतं, स्थळ बघा. बारा-तेरा वर्षांची पोर मोठी झालेली नसते. कमरेची हाडं पाळी सुरू झाल्यावरही काही वर्षं वाढत असतात, इतक्यात बाळंतपण आलं तर तिचाही जीव धोक्यात आणि बाळाचाही. लग्नाचं वय 18 आहे, आणि कर्नाटकात तर कायद्यात बदल करून बालविवाह मुळातूनच रद्द ठरवलाय. म्हणजे लावलं तरी ते लग्न धरलंच जात नाही.

आता परत ‘शिवणं’ ह्या शब्दाकडं येते, कारण धाकटीशी त्या दिवशी मी तिथूनच सुरुवात केली होती. म्हटलं, तुला पाळी आली म्हणून तू कुणाला शिवलीस तर काही होत नाही. पण तुला कुणी शिवावं आणि कुणी नाही, हे तू ठरवायचं. छाती, योनी, कुल्ले ह्यांना नावं आहेत आणि ती नावं घ्यायला लाजायचं नाही. ज्या पोरीकडं अवयवासाठी शब्दच नाही ती घरी येऊन सांगणार तरी काय? ‘तिथं’ म्हणेल, आणि आपण ‘गप्प बस’ म्हणू. कुणी हात लावला, मग तो ओळखीचा असो, नात्यातला असो, ओरडायचं, निघून यायचं, मला सांगायचं. मी नसले तर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर. तो तिला पाठ आहे. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायला 2012 चा पॉक्सो कायदा आहे, हेही तिला माहीत आहे. मराठीत असं बोलता येत नाही, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत मराठीतूनच लैंगिक शिक्षणाबद्दल लिहिणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. शब्द होते. आपण घरात आणले नाहीत.

घरात दिराचा मुलगा आहे, बारा वर्षांचा. त्याच्याशी बोलायचं काम मी नवऱ्याकडं दिलं. ते उद्यमबागला फाउंड्रीत कामाला जातात, घरी येतात दमून, आधी म्हणाले ‘मला नाही जमणार’. मग एका रविवारी दोघं शेताकडं गेले आणि बोलून आले. आवाज फुटणं, मिसरूड, झोपेत वीर्य बाहेर येणं. ह्यालाही आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो, पुन्हा तोच शब्दांचा घोळ, कारण त्यात दोष काहीच नाही. त्याच दिवशी बहिणींच्या पाळीबद्दलही सांगितलं. हल्ली थोरली झोपून असली की तो न विचारता शेकायची पिशवी भरून देतो. आणि तिला पॅड हवं असलं तर ती बापाला सांगते, मला शोधत बसत नाही.

धाकटीला ह्या वर्षी वैशाखात पाळी आली. शाळेला सुट्टी होती, घरीच होती. बाथरूममधून हाक मारून म्हणाली, ‘आई, आली गे, पॅड दे.’ बस. पण पुढच्या महिन्यात आलीच नाही, आणि तिच्या मनात किडा वळवळू लागला. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यावर आत्ती दुधाचा हिशेब लिहितात, मी सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते. धाकटीनं वैशाखातल्या त्या तारखेवर लहानसा ‘प’ काढला होता. शेवटी आली तेव्हा तिनं दुसरा ‘प’ काढला आणि ओठ दुमडून बघत उभी राहिली. मी फोडणी घालत होते. मागून आत्ती आल्या. आयुष्यभर ‘कावळा’ म्हणत आलेल्या. चष्मा वर केला, पहिल्या ‘प’वर बोट ठेवलं आणि पेरं मोजत मोजत, एकेक चौकोन सरकत, दुसऱ्या ‘प’पर्यंत पोचल्या.

‘एक्केचाळीस,’ त्या म्हणाल्या. ‘पंचेचाळिसाच्या आत हाय की गे.’